चार काळे प्लग

पहिल्या चाचणीत आमची गाडी चढाच्या मधोमध बंद पडली. दुसऱ्या चाचणीत ती मधोमध पोचलीच नाही. तपासणी अधिकाऱ्याने पहिल्या वेळी माझ्याकडे न बघता फॉर्मवर फुली मारली. दुसऱ्या वेळी फुली मारून झाल्यावर बघितलं. ते जास्त लागलं.

जुन्या गाड्यांना तीन संधी असतात. वाहन तपासणी केंद्राच्या आवारात काँक्रीटचा एक चढ बांधलेला आहे. गाडीने तो चढायचा, मध्ये थांबायचं, इंजिन बंद करायचं, पुन्हा चालू करून मागे न घसरता वर जायचं. शिवाय धूर तपासतात. तिसऱ्या वेळी नापास झालं की नंबर रद्द होतो आणि गाडी तिथूनच मागच्या आवारात जाते. त्या आवारात एक यंत्र दिवसभर गाड्यांच्या वड्या पाडत असतं. नियमपत्रकात 'तिथूनच' हा शब्द ठळक छापलेला आहे. म्हणजे निरोप द्यायला गाडी घरी आणता येत नाही.

तिसरी चाचणी पुढच्या गुरुवारी, सकाळी अकराला होती.

गाडी बाबांची. बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि मी माझं बिऱ्हाड आवरून आईकडे राहायला आले होते. त्याबद्दल इथे एवढं पुरे. गाडीचं सांगते.

गाडीला उचकी लागली होती. याहून नेमका शब्द मला सापडला नाही. जागेवर उभी असताना इंजिन एक, दोन, तीन असं म्हणायचं आणि चौथ्याला गप्प बसायचं. पाय दाबला की गाडी आधी विचार करायची, मग नकार द्यायची. मी कॉलेजात इतिहास शिकवते. पुरावा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मी दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला सांगते. त्यामुळे मी ग्रंथालयातून मोटारदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. 'इंजिन अडखळणे व शक्ती कमी होणे' या प्रकरणात एकतीस कारणं दिली होती. एकतिसावं कारण 'इतर' असं होतं. लेखकाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला, पण उपयोग झाला नाही.

इमारतीतल्या लोकांना मात्र पुस्तकाची गरज पडली नाही. बॉनेट उघडं दिसलं की माणसं घरातल्या चपलांनिशी खाली उतरतात. थोड्या दिवसांत माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक जण गाडीला स्वतःचाच आजार सांगतो. ज्यांना पित्ताचा त्रास होता ते म्हणाले, पेट्रोलात काहीतरी गेलंय. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली होती ते म्हणाले, नळीत कचरा अडकलाय, नळी मोकळी करा. चिटणीसबाईंना अर्धशिशी आहे. त्या म्हणाल्या, "वायरिंग. नक्की वायरिंग. एकाच बाजूला दुखतंय बघ तिचं." आणि नंतर, सोसायटीच्या चिटणीस या नात्याने, "विकून का टाकत नाही? जागा अडते."

दुसऱ्या मजल्यावर कॅप्टन राहतात. ते जहाजावर कोठाराचे प्रमुख होते, पण त्यांना कॅप्टन म्हणायला कुणी सुरुवात केली ते आता कुणालाच आठवत नाही. तेही आठवण्याचा प्रयत्न करत नाहीत. त्यांनी इंजिनाला कान लावला, मला गप्प राहायची खूण केली, आणि इंजिन बंदच आहे हे लक्षात आल्यावरही तसेच वाकून राहिले.

"पाणी," ते सरळ होत म्हणाले. "पेट्रोलात पाणी. समुद्रावर हे मी शंभरदा पाहिलंय."

"कॅप्टनकाका, समुद्रावर पाणी शंभरदा दिसणारच."

"तू बाबांवर गेलीस," ते म्हणाले. मी बॉनेट लावून टाकलं, आणि त्यांनी तो आपला विजय मानला.

कोपऱ्यावरचे मिस्त्री बाबांच्या वेळेपासूनचे. ते कमी बोलतात आणि बोलताना गाडीकडे बघतात, त्यामुळे आपलं कुठे चुकलं ते गाडीलाच सांगतायत असं वाटतं. पहिल्या चाचणीनंतर त्यांनी चारही प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले होते. टोकं कोरड्या, मऊ काजळीने काळीकुट्ट. "ठिणगी इथे पडते. इथे काजळी बसली की ठिणगी पडत नाही. ठिणगी नाही तर उचकी." एकतीस कारणांचं प्रकरण त्यांनी तीन वाक्यांत संपवलं. प्लग घासले, कार्बोरेटर उघडून धुतला, वायरी तपासल्या. गाडी शिलाई मशीनसारखी चालायला लागली. मी ती इमारतीच्या मागच्या बाजूला आमच्या जागेवर नेऊन उभी केली. बिघडू नये म्हणून तीन आठवडे तिला हातसुद्धा लावला नाही, आणि दुसऱ्या चाचणीला गेले. पुढचं सांगितलंच आहे.

शुक्रवारी मिस्त्रींनी पुन्हा प्लग काढले. पुन्हा काळेकुट्ट.

"ताई, तीन आठवड्यांत किती चालवली?"

"गॅरेज ते घर. घर ते तपासणी केंद्र."

त्यांनी आत डोकावून काटे पाहिले. "किलोमीटर तेवढेच पडलेत. पेट्रोल पाव टाकी कमी झालंय."

"गळत असेल?"

ते गाडीखाली गेले आणि बऱ्याच वेळाने कपडे झटकत बाहेर आले. "थेंब नाही. ही गाडी चालत नाही आणि नुसतीच पिते. कोण पाजतंय ते शोधा. तोवर मी प्लगला हात लावणार नाही. घासून देईन, आणि पुन्हा ही अशीच दारात येईल."

त्यांना माझ्यावर संशय होता. काळजीने वाचलेलं पुस्तक आणि न चालवलेली गाडी घेऊन येणाऱ्या बाईवर कुणालाही येईल. मी घरी परतले आणि जिन्यात कॅप्टन भेटले तेव्हा एक चूक केली. पाव टाकी पेट्रोलाचं मी त्यांना सांगितलं.

"चोरी!" कॅप्टन इतक्या आनंदाने म्हणाले, की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला. 'इमारतीत पेट्रोलचोराचा वावर आहे. सर्वांनी सावध राहावे.' खाली चिटणीसबाईंची सही, आणि त्याखाली कॅप्टनच्या हस्ताक्षरात, 'पाळत ठेवण्यात येत आहे.' ज्याच्यावर पाळत ठेवायची त्यालाही हे वाचता येईल, हे मी दाखवून दिलं. "वाचू दे की," कॅप्टन म्हणाले. "घाबरेल."

सोमवारी मी तिसऱ्या चाचणीचा अर्ज भरायला गेले. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वरून खाली वाचला, मग खालून वर.

"शेवटच्या चाचणीला मालक स्वतः हजर लागतात."

"ते वारले."

"मग गैरहजेरीचं कारण लिहा. इथे."

मी लिहिलं.

"बाजूला खूण करा. तात्पुरती की कायमची?"

मी त्या दोन चौकोनांकडे बघत राहिले. मागच्या माणसाने घसा खाकरला. चार महिन्यांत एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी 'कायमची'वर खूण केली.

"आता मालक कोण?" बाईंनी विचारलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर फॉर्म होता, आणि तो त्यांनी मला जराही टोचू न देता भरायचा प्रयत्न चालवला होता. "पत्नी आहेत? मग त्यांचं नाव लावते. पण त्या स्वतः यायला हव्यात गुरुवारी. सही समोरच व्हायला हवी."

आता खरी अडचण ही होती. आई चार महिन्यांत इमारतीच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. भाजी वर मागवायची, औषधं मी आणायचे, आणि बहिणी भेटायला येतो म्हणाल्या की तिचे नेमके गुडघे दुखायचे.

"मी येऊन काय करू तिथे?" ती म्हणाली. "मला गाडीतलं काय कळतं? तू शिकलेली आहेस, तू बघ."

"सही तुझी हवी. तू नाही आलीस तर गाडी तिथूनच जाईल, आई."

"कुठे?"

मी सांगितलं. वड्यांचं नाही सांगितलं, 'मागच्या आवारात' एवढंच म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. येते म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी सकाळी नाही.

बुधवारी मी रजा घेतली होती. कारण पाळतीचा दिवस बुधवार ठरला होता, आणि फिर्यादी म्हणून मी हजर असलंच पाहिजे असं चिटणीसबाईंचं म्हणणं होतं. कॉलेजात जाते असं आईला सांगून मी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत शिरले. तिथे आधीच कॅप्टन गळ्यात शिट्टी घालून बसले होते, आणि चिटणीसबाई हातात विजेरी घेऊन. बाहेर लख्ख ऊन होतं. खोलीची जाळी गाड्यांच्या जागेकडे उघडायची. तिघांत एकच स्टूल होतं. चोवीस मीटर आमच्याभोवती आपापल्या गतीने फिरत होते, आणि चिटणीसबाई कोणाचा जास्त फिरतोय ते मनात टिपून घेत होत्या.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. माझा उजवा पाय बधिर झाला. उद्या या वेळेला निकाल लागलेला असेल, हे मनातून जाईना. प्लग अजून काळेच होते, आणि आई हो म्हणालेली नव्हती. अशा वेळी एक प्रौढ प्राध्यापिका मीटरच्या खोलीत उकिडवी बसली होती.

"कोणीतरी येतंय," कॅप्टन कुजबुजले आणि त्यांनी शिट्टी तोंडात धरली.

पावलं हळू होती. घरातल्या चपलांची. कुणीतरी गाडीशी थांबलं, खिशातून किल्ली काढावी तशी पदराआडून किल्ली काढली, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसलं.

आई होती.

तिने दार लावून घेतलं. डावीकडचा चोकचा दांडा पूर्ण बाहेर ओढला, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. माझ्या हातून ती पहिल्या फटक्यात कधीच झाली नव्हती. मागून काळा धूर आला. एक, दोन, तीन, आणि गप्प. एक, दोन, तीन, आणि गप्प. आईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे, रस्ता असावा तशी बघत राहिली.

शिट्टीत हवा भरल्याचा आवाज आला. मी कॅप्टनच्या तोंडावर हात ठेवला. त्यांच्या वयाच्या माणसाशी मी असं कधी वागले नव्हते, आणि पुन्हा वागणार नाही. ते मुळीच हलले नाहीत. दहा मिनिटं आम्ही तिघं तसेच होतो. मग आईने इंजिन बंद केलं, गाडी कुलूप लावून बंद केली, टपावरून हाताने धूळ पुसली आणि निघून गेली.

चिटणीसबाईंनी विजेरी पर्समध्ये ठेवली. "तो कागद मी आत्ता काढते," त्या म्हणाल्या. कॅप्टनने शिट्टी रुमालात गुंडाळली. जिन्यापाशी ते थांबले. "चोक आत ढकलत नाहीयेत त्या," ते अगदी हळू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कॅप्टनचं निदान बरोबर होतं, आणि त्याचा त्यांना काही आनंद झालेला दिसला नाही.

मी जरा वेळाने वर गेले. जिना चढताना मी एक खोटं तयार केलं होतं, ते बऱ्यापैकी जमलं होतं.

"मिस्त्री म्हणाले, गाडीला विश्रांती द्या. काही दिवस कुणी हात लावू नका."

आई मटार सोलत होती. सोलता सोलता थांबली. "तू कॉलेजात गेली नाहीस."

"नाही."

"कुठे होतीस?"

"मीटरच्या खोलीत." खोटं तिथेच संपलं.

तिने एक दाणा उचलून भांड्यात टाकला. "हे म्हणाले होते," ती म्हणाली. "दवाखान्यात. गाडी आठवड्यातून एकदा चालू कर, पाच मिनिटं, नाहीतर बॅटरी उतरेल. कशी चालू करायची तेही शिकवलं. पलंगावर बसून. चमचा हातात घेऊन दाखवलं, ही किल्ली. औषधाची बाटली म्हणजे चोक. ती आधी अशी ओढायची."

"आठवड्यातून एकदा."

"हं. मग म्हटलं, रोज केलं तर काय बिघडतंय. मग तू कॉलेजात गेलीस की सकाळी एकदा आणि चारला एकदा. आवाज तसाच येतो गं. अगदी ते खाली आलेत असा." तिने वर बघितलं. "माझ्यामुळे बिघडली ना?"

माझ्यासमोर सगळे पुरावे होते. कालक्रम जुळत होता, साक्षीदार तीन होते. आजवर एवढ्या भक्कम आधारावर मी एकही निष्कर्ष काढलेला नव्हता, आणि तो उच्चारायची ताकद मला गोळा करावी लागली.

"आई, चोक ओढला की इंजिनात पेट्रोल जास्त जातं. गाडी सुरू होईपर्यंत ते लागतं. गरम झालं की तो परत आत ढकलायचा असतो. नाहीतर सगळं जळत नाही, काजळी धरते."

"आत ढकलायचा?"

"हो."

"हे त्यांनी नाही सांगितलं." तिने टेबलावरची शेंग उगाच सरळ केली. "सांगणार असतील. तेवढ्यात नर्स आली रक्त घ्यायला."

मग मला वाटतं माझ्याच तोंडून आधी आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. आईने मटाराचं भांडं बाजूला सारलं आणि पदराला नाक पुसलं.

"आता दुरुस्त कशी होईल?" तिने विचारलं.

मी मिस्त्रींना फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "नवे प्लग टाकतो," ते म्हणाले. "पण आत इंजिनातही काजळी आहे. ती हाताने निघत नाही. मोठ्या रस्त्याला घ्या. अर्धा-पाऊण तास. जोरात. भ्यायचं नाही." आणि फोन ठेवण्याआधी, "आईंना म्हणावं, गाडी चालूच राहिली त्यांच्यामुळे. नुसती उभी असती तर सगळंच गंजलं असतं."

तो निरोप मी जसाच्या तसा पोचवला. तो खरा होता की मिस्त्रींनी तयार केलेला होता, हे मी तपासलं नाही.

गुरुवारी आठ वाजता नवे प्लग बसले. नऊ वाजता आई फाटकापाशी उभी होती, बाहेरच्या चपला घालून. उंबरा ओलांडावा तसं तिने फाटक ओलांडलं आणि कुणी बघण्याच्या आत गाडीत बसली.

बाबा पन्नासच्या वर कधी गेले नाहीत. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी पाय दाबला, आणि गाडीने जुन्या सवयीने विचार केला. साठ. खडखड. आईने दारावरचा दांडा धरला. सत्तरला गाडीने दोनदा एवढी जोरात उचकी दिली की माझी मान पुढे गेली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला आणि जाताना त्याने हाताने काहीतरी विचारलं. आरशात पाहिलं तर आमच्यामागे काळा ढग होता, त्यातून एकेक गाडी दिवे लावून बाहेर येत होती.

"थांबव," आई म्हणाली.

"भ्यायचं नाही म्हणालेत."

"मी भीत नाहीये. लोक काय म्हणतील?"

सव्वादहा. साडेदहा. केंद्रावर पोचायला वीस मिनिटं धरली तर माझ्याकडे अजून दहा होती. गाडी पुन्हा अडखळली, पुन्हा, आणि मग काहीतरी सुटलं. एखाद्याचा चोंदलेला श्वास एकदम मोकळा व्हावा तसं. एक, दोन, तीन, चार. गाडी पुढे झेपावली आणि आईची पाठ सीटला टेकली. काटा नव्वदवर गेला.

"अगं बाई!" आई म्हणाली. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत, "त्यांना सांगू नकोस हं."

अकराला तीन मिनिटं कमी असताना आम्ही केंद्रात शिरलो. खिडकीतल्या बाईंनी आईची सही घेतली, आईला बसायला स्वतःची खुर्ची दिली, आणि आई बसली नाही. धुराची तपासणी झाली. अधिकाऱ्याने आकडा वाचला, यंत्रावर टिचकी मारली आणि पुन्हा वाचला. फुली मारली नाही. मग त्याने चढाकडे बोट केलं.

चालकाशिवाय गाडीत कुणी नको, म्हणून आई उतरून बाजूला उभी राहिली. मी मध्यापर्यंत चढले आणि थांबले. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. समोर आकाश आणि मागे, आरशात, मागच्या आवाराचं फाटक. तिकडून लोखंड चिरडल्याचा आवाज येत होता.

"चालू करा," अधिकारी म्हणाला.

किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. नाही. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. माझ्या डोक्यातलं सगळं पुस्तक, एकतीस कारणांसकट, पुसलं गेलं, आणि माझा हात आपोआप चोककडे गेला.

"आत!" कुणीतरी ओरडलं. "आत राहू दे! गरम आहे ती!"

आई चढावर पिवळी रेघ ओलांडून माझ्या खिडकीशी आली होती.

"बाई, रेघेच्या मागे," अधिकारी म्हणाला. "तुम्ही कोण?"

"मी मालक," आई म्हणाली. त्याच्याकडे बघितलंही नाही. "पाय थोडासा दे. थोडासा. हं. आता किल्ली, आणि धरून ठेव, सोडायची घाई करू नकोस. अजून. अजून."

इंजिन पेटलं. मी हँडब्रेक सोडला, आणि गाडी एक इंचही मागे न घसरता वर गेली.

शिक्क्याचा कागद आईने घडी न घालता दोन्ही हातांत धरून आणला. सूचनाफलकाशी कॅप्टन उभे होते. त्यांनी सलाम ठोकला आणि चौकशी अशी काहीच केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासत बसले होते. चार वाजले आणि खालून गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मी पेन खाली ठेवलं. आता जाऊन तिला काय सांगायचं, नको म्हणायचं का, हे मला ठरवता येईना. मी पाच मिनिटं मोजली. इंजिन बंद झालं नाही. उलट हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक.

मी गॅलरीतून खाली वाकले. ड्रायव्हरची जागा रिकामी होती. शेजारच्या, तिच्या नेहमीच्या जागेवर आई बसली होती, बाहेरच्या चपला घालून, आणि तिथूनच हात लांब करून हॉर्न दाबत होती. मला पाहून तिने काच खाली केली.

"किती वेळ गं?" ती ओरडली. "ये लवकर! प्लग काळे होतायत इथे!"